१ जूनचे वाढदिवस : मराठवाड्यातल्या शाळा आणि त्यांचे माजी विद्यार्थी

शाळेच्या आठवणी आणि माजी विद्यार्थी हा विषय गारखेड्यात घ्यायचं ठरलं तेव्हा आमच्यापुढे एक गंमतशीर अडचण उभी राहिली. गारखेड्यात माजी विद्यार्थी भरपूर आहेत, पण ते गारखेड्याचे नाहीत. इथं साठीच्या पुढची जी मंडळी बसली आहेत त्यांना आपण विचारू या, की पहिली ते चौथी शाळा याच परिसरात झाली असे किती जण? बघा, हात फारसे वर येत नाहीत.

याचं कारण आपल्याला माहीत आहे. गारखेडा हे शहराबाहेरचं एक खेडं होतं. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत वाढली, सिडको आली, १९८२ साली औरंगाबादची महानगरपालिका झाली आणि हे खेडं बघता बघता शहराच्या पोटात गेलं. पत्त्यात आपण अजून 'गारखेडा परिसर' लिहितो, त्या 'परिसर' शब्दात ही सगळी हकिगत आहे. कारखान्यातले कामगार, बँकेतले, जिल्हा परिषदेतले, एसटीतले, शिक्षक, प्राध्यापक असे बीड, जालना, परभणी, नांदेड, लातूर, धाराशिव सगळीकडून लोक आले. प्लॉट घेतले, दोन खोल्या बांधल्या, मग वरचा मजला चढवला. सूतगिरणी चौक हे नाव आज रिक्षावाल्याला सांगण्यापुरतं उरलंय, पण त्या चौकात सकाळी सातला उभं राहिलं तर मराठवाड्याच्या निम्म्या तालुक्यांची बोली कानावर पडते.

म्हणून गारखेड्यात शाळेच्या आठवणी काढायच्या म्हणजे सगळ्या मराठवाड्याच्या शाळांच्या आठवणी काढायच्या. आणि त्यासाठी आज मोठी सोय झालेली आहे. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये दहावीच्या बॅचचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. दिवाळीच्या सुट्टीत किंवा मे महिन्यात गावाकडे स्नेहमेळावा होतो. फेटे बांधतात, फाटकापासून व्हरांड्यापर्यंत रांगोळी घालतात, जुन्या गुरुजींना गाडी पाठवून आणतात. मग रेल्वेच्या रुळाचा जो तुकडा घंटा म्हणून टांगलेला असतो त्यावर टोले पडतात, पन्नाशीतली माणसं रांगेत उभी राहून प्रार्थना म्हणतात, हजेरी होते. 'हजर सर' म्हणताना आवाज जड होतो. आम्ही अशा बऱ्याच मेळाव्यांना बसलेलो आहोत आणि त्याची थट्टा करण्याचा आमचा मुळीच विचार नाही. पण इतिहासाचा धंदा असल्यामुळे आमचं लक्ष जरा वेगळीकडे जातं. आज त्या वेगळ्या गोष्टींबद्दल बोलायचं आहे.

सुरुवात वाढदिवसापासून करू. कुठल्याही ग्रामीण बॅचच्या गटात १ जूनला काय होतं? सकाळपासून केकची चित्रं, गुच्छ, शुभेच्छा, आणि त्या एकाला नसतात, दहा-पंधरा जणांना असतात. एकाच वर्गातली इतकी मुलं एकाच दिवशी जन्मली कशी? उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. ती तारीख आईनं दिलेली नाही, गुरुजींनी दिलेली आहे. जूनमध्ये शाळा उघडायची. पोरगं बापाच्या बोटाला धरून यायचं. गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? बाप सांगायचा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, किंवा मोठा पूर आला त्या साली. कुठं जन्मनोंद नाही, असली तर तालुक्याला कोण जाणार! मग पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का बघायचं, लागला की सहा वर्षं पूर्ण धरायची आणि वर्ष मागे मोजून १ जून टाकायचा. पुढे आयुष्यभर तीच तारीख.

ही गोष्ट विनोदाची वाटते, पण तिचा परिणाम सरकारी तिजोरीपर्यंत पोचतो. नियम असा आहे की महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे दर वर्षी ३१ मे रोजी महाराष्ट्रात निवृत्त होणाऱ्यांची एकच गर्दी उडते. जिल्हा परिषदेत, तहसिलीत, पोलिसांत त्या एका दिवशी निरोपसमारंभांची रांग लागते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी एखाद्या एकशिक्षकी शाळेत टाक बुडवून लिहिलेला एक आकडा, आणि तो कुणाची नोकरी कधी संपणार ते ठरवतो.

मुद्दा असा, की शाळेच्या आठवणींना दोन घरं आहेत. एक माणसाच्या मनात, दुसरं शाळेच्या लोखंडी कपाटात. त्या कपाटात जनरल रजिस्टर असतं. मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण. मेळाव्यात पहिल्या घराची दारं सताड उघडतात. दुसऱ्या घराकडे कुणी फिरकत नाही. आणि ही दोन घरं एकमेकांशी नेहमी जुळतातच असं नाही.

या रजिस्टराची किंमत किती असते याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण साताऱ्याचं आहे. तिथल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचं नाव दाखल झालं. नोंद क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. ते पान शाळेनं जपून ठेवलं आहे आणि २०१७ पासून महाराष्ट्र सरकार ७ नोव्हेंबर हा 'विद्यार्थी दिन' म्हणून पाळतं. आता रजिस्टरात काय आहे, तर नाव आणि तारीख. त्या मुलाला वर्गात बसायला स्वतःचं गोणपाट घरून आणावं लागायचं, ते रोज परत न्यावं लागायचं, तहान लागली तर नळाला हात लावता यायचा नाही, शिपाई असेल तरच पाणी, हे रजिस्टरात नाही. ते बाबासाहेबांनी स्वतः पुढे लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळतं. नुसत्या रजिस्टरावर विसंबलो असतो तर आपण म्हणालो असतो, वा, १९०० साली साताऱ्याच्या शाळेत सगळ्यांना प्रवेश होता! तर दोन्ही घरं उघडावी लागतात.

आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. मराठीत विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेलं जे अगदी जुनं लेखन आपल्या हाती आहे, त्यात मुक्ता साळवे या मुलीचा निबंध येतो. फुले दांपत्याच्या शाळेतली ही मुलगी, १८५५ साली तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तो मांग-महारांच्या दुःखाविषयी आहे. शाळेच्या गोड आठवणींचा त्यात लवलेश नाही. 'रम्य ते बालपण' ही आपल्याकडे नंतर आलेली, आणि पोट भरल्यावर आलेली तऱ्हा आहे, असं आमचं मत आहे. तुम्ही भांडू शकता.

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. जुन्या काळाविषयी बोलताना शहराचं नाव औरंगाबाद असंच घेतलं जाईल, कारण कागदांवर तेच आहे.

पुण्या-मुंबईच्या शाळांच्या आठवणी आणि आपल्या आजोबांच्या शाळांच्या आठवणी यांत मूळचाच फरक आहे. आपण निजामाच्या राज्यात होतो. तिथं माध्यमिक शिक्षण बहुतांश उर्दूतून. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं तेही उर्दू माध्यमाचं. प्राथमिक शाळा म्हणजे 'तहतानिया', त्यापुढची 'वस्तानिया' आणि हायस्कूल म्हणजे 'फौकानिया'. शिक्षक 'मुदर्रिस', हेडमास्तर 'सदर मुदर्रिस', वर्ग म्हणजे 'जमात', शुद्धलेखन म्हणजे 'इमला'. आमच्या लहानपणी घरोघरी असे आजोबा होते जे घरात अस्सल मराठी बोलायचे, ज्ञानेश्वरी वाचायचे आणि हिशोबाची वही उजवीकडून डावीकडे लिहायचे. त्यांना आपण वेगळं काही करतो असं वाटतच नव्हतं.

रजिस्टरंही तशीच. तारखा फसली सनात. फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, महिने आजूर, बहमन, खुर्दाद, तीर, मेहेर असे. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन निघतो, आणि तारीख जानेवारी ते सप्टेंबरमधली असेल तर ५९१. हे साधं गणित, पण ते न आल्यामुळे कितीतरी कुटुंबांत आजोबांच्या वयाचा घोळ पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

हे सगळं जुनं झालं, आता त्याचं काय, असं म्हणायची सोय राहिलेली नाही. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा प्रश्न पुढे आला आणि निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. निजामकाळातले महसुली कागद, जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि त्यांच्याबरोबर शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं धुंडाळायला सुरुवात झाली. ज्या कपाटाला कुणी हात लावत नव्हतं त्याच्यापुढे लोक रांगा लावून उभे राहिले. आणि तेव्हा लक्षात आलं की उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं शोधावी लागताहेत. जे आजोबांना सहज येत होतं ते वाचायला आता जाणकार बोलवावे लागतात. आरक्षणाबद्दल कुणाचं मत काहीही असो, तो आजचा विषय नाही. शाळेची एक ओळ माणसाच्या हक्काशी कशी बांधलेली असते, एवढंच आपण त्यातून घेऊ.

उर्दूच्या बाबतीत आपल्याकडे दोन टोकांच्या आठवणी आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. एक अशी की आमच्यावर परकी भाषा लादली. ती खरीच आहे. ज्या मुलाच्या घरी उर्दूचा शब्द नाही त्यानं भूगोल आणि गणितसुद्धा त्या भाषेत घोकायचं, तर निम्मी पोरं तिथंच गळायची. दुसरी आठवण अशी की औरंगाबाद हे त्या काळी उर्दूच्या अभ्यासाचं देशातलं एक मोठं केंद्र होतं. मौलवी अब्दुल हक, ज्यांना पुढे 'बाबा-ए-उर्दू' म्हणू लागले, ते इथं शिक्षण खात्यात अधिकारी होते, पुढे इथल्या इंटरमिजिएट कॉलेजचे प्राचार्य झाले. अंजुमन तरक्की-ए-उर्दू ही संस्था त्यांनी कित्येक वर्षं याच गावातून चालवली. ते स्वतः अलीगढचे माजी विद्यार्थी. 'ओल्ड बॉइज' म्हणजे शाळा-कॉलेज सोडल्यावरही एकमेकांना धरून राहणारी, संस्थेसाठी पैसा उभा करणारी बिरादरी, ही अलीगढवाल्यांची खास रीत, आणि हैदराबाद संस्थानात अलीगढची माणसं बरीच. म्हणजे माजी विद्यार्थी मेळाव्याची कल्पना आपल्याकडे फक्त पुण्याकडून आली असं समजायचं कारण नाही.

मराठी शाळा मात्र लोकांना स्वतःच्या बळावर काढाव्या लागल्या. औरंगाबादला १९१५ साली सरस्वती भुवन सुरू झाली. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला, योगेश्वरी. गुलबर्ग्याला नूतन विद्यालय. सरकारची नजर अशी की सभा घ्यायची तर परवानगी पाहिजे, 'गश्ती निशाण ५३' हा हुकूम त्यासाठीच होता. खाजगी शाळेलाही परवानगी पाहिजे. त्यामुळे शाळा हीच काय ती लोकांनी एकत्र जमायची जागा उरली. गणेशोत्सव, ग्रंथालय, व्यायामशाळा सगळं तिच्याच आडोशानं.

हिप्परग्याला १९२९ मध्ये व्यंकटेश खेडगीकर नावाचे मुख्याध्यापक आले. दुसऱ्याच वर्षी, १४ जानेवारी १९३० ला त्यांनी संन्यास घेतला. ते आपले स्वामी रामानंद तीर्थ. पुढे ते अंबाजोगाईला गेले, तिथंही शिकवलं, आणि १९३८ मध्ये शाळा सोडून हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले. एक लक्षात घ्या, हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा सर्वोच्च नेता हा पेशानं शाळामास्तर होता. त्याचे कार्यकर्ते कोण? बरेचसे त्याचे माजी विद्यार्थी! हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या वर्गांत बसलेली मुलं पुढे सीमेवरच्या कॅम्पांत दिसतात. माजी विद्यार्थी संघाचं इतकं काम दुसऱ्या कुठल्या शाळेनं केलं असेल असं आम्हाला वाटत नाही, आणि त्या संघाला ना नोंदणी होती ना अध्यक्ष.

त्याच वर्षी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, वंदे मातरम् चळवळ झाली. औरंगाबादचं इंटरमिजिएट कॉलेज आणि हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ इथल्या वसतिगृहांत मुलांनी प्रार्थनेत वंदे मातरम् म्हणायचं ठरवलं. मनाई झाली. मुलं ऐकेनात. मग काढून टाकलं. एखाद-दुसऱ्याला नाही, शेकडोंनी. आता त्या मुलांचं पुढे काय? वर्ष बुडालं, घरचे चिंतेत, संस्थानात दुसरीकडे जागा नाही. तेव्हा नागपूर विद्यापीठानं दार उघडलं आणि बऱ्याच जणांचं शिक्षण तिथं पुरं झालं. त्यांतले एक पुढे देशाचे पंतप्रधान झाले, पी. व्ही. नरसिंह राव. ज्या संस्थेनं नाव कापलं तिचे हे विद्यार्थी 'माजी' कुठल्या अर्थानं म्हणायचे? शाळा सोडल्याचं कारण या रकान्यात त्यांच्यापुढे काय लिहिलं असेल?

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. आम्ही ज्यांची टिपणं काढली त्या वृद्धांच्या बोलण्यात हा दिवस रझाकारांच्या दहशतीतून सुटल्याचा दिवस म्हणून येतो, आणि ते स्वाभाविक आहे. शाळेपुरतं सांगायचं तर फळा बदलला. उर्दूत शिकलेल्या मास्तरांना मराठीत शिकवायची वेळ आली, काहींची धांदल उडाली. पण याच्या शेजारी आणखी एक आठवण आहे, ती मेळाव्यांत येत नाही. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत त्या दिवसांत मुसलमानांवर मोठे अत्याचार झाले, पंडित सुंदरलाल समितीनं ते नोंदवले. बाकावर शेजारी बसणारी काही मुलं पुन्हा आली नाहीत. एका सद्गृहस्थांनी आम्हाला आपल्या वर्गातल्या मुलांची नावं बोटावर मोजून सांगितली, मोजता मोजता एका नावापाशी थांबले आणि म्हणाले, 'चहा घ्या.' आम्ही चहा घेतला.

पुढचं पर्व मिलिंदचं. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं जून १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू केलं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. प्राचार्य म. भि. चिटणीस. इथं जी मुलं आली त्यांतल्या कितीतरी मुलांच्या घराण्यात तोवर कुणी शाळेची पायरी चढलेलं नव्हतं. वसतिगृहात राहायचं, नागसेनवनातल्या झाडांखाली वाचायचं. मराठी दलित साहित्याचा इतिहास लिहायचा तर त्याची बरीच पानं या आवारात निघतात. गंगाधर पानतावणे इथं शिकवत होते, त्यांचं 'अस्मितादर्श' याच शहरातून निघत राहिलं. मिलिंदच्या माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी आम्ही ऐकतो तेव्हा त्यांत गोडवा आहेच, पण तो वसतिगृहातल्या दोन वेळच्या जेवणाचा गोडवा आहे, पहिल्यांदा मिळालेल्या कंदिलाचा आहे. शहरातल्या शाळेतल्या आठवणीपेक्षा त्याचं वजन वेगळं असतं.

आता तुमच्या-आमच्या बॅचपर्यंत येऊ. १९७२ चा दुष्काळ. या सभागृहातल्या कितीतरी जणांनी तेव्हा सुकडी खाल्ली आहे, मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या आहेत. गावची गावं दुष्काळी कामावर, पाझर तलावावर, खडी फोडायला. आईबापाबरोबर पोरंही. दहा वर्षांच्या पोरीनं लहान भावाला सावलीत सांभाळायचं म्हणजे आईला टोपली उचलता येईल. त्या पोरीचं नाव तिसरीच्या हजेरीत जूनपर्यंत आहे, पुढं नाही. शेवटच्या रकान्यात मास्तरांनी लिहिलं, 'सतत गैरहजर'. दुष्काळ असं कुणी लिहिलं नाही. आम्ही पाहिलेल्या रजिस्टरांत तर नाहीच.

आणि आता मेळाव्यातला ग्रुप फोटो डोळ्यांपुढे आणा. बॅच कशी ठरते? दहावीच्या वर्षावरून. १९७५ साली नव्या पद्धतीची पहिली दहावी झाली, तोवर अकरावीची मॅट्रिक. म्हणजे 'आमची ऐंशीची बॅच' म्हटलं की १९८० ला दहावीला बसलेले. पण पहिलीत त्यांच्याबरोबर जे पन्नास-साठ जण बसले होते, त्यांतले चौथीत गळाले, सातवीत गळाले, कारण पुढची शाळा सात-आठ किलोमीटरवर होती. इंग्रजी आणि गणितात अडकून दहावीत आपटले ते स्वतःच गटात येत नाहीत, लाजतात. छडीला भिऊन पळालेले येत नाहीत. छडीचं कौतुक मेळाव्यात फार होतं बघा, 'सरांनी मारलं म्हणून आम्ही घडलो' असं माइकवरून सांगतात. सांगणारा घडलेला असतो म्हणून माइकवर असतो. मार खाऊन बिघडलेल्याला माइक कुणी दिला आहे?

मुलींचं तर आणखी कठीण. गटात चाळीस मुलगे आणि पाच-सहा मुली, ही सर्वसाधारण हजेरी. पुरुष सापडतो, कारण त्याचं आडनाव तेच, बहुधा शेतही तिथंच. वर्गमैत्रीण शोधायची तर नाव बदललेलं, आडनाव बदललेलं, गाव बदललेलं. काही मेळाव्यांत आम्ही पाहिलं, माहेरी भाऊबीजेला आलेल्या बायका फाटकापर्यंत येतात, आत यायला बिचकतात. एका शाळेत मात्र संयोजकांनी चांगली युक्ती केली. भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी मेळावा ठेवला आणि निमंत्रण भावाच्या हातून पाठवलं. एकवीस जणी आल्या. त्यांतल्या एकीनं चौथीत शाळा सोडली होती, ती म्हणाली, 'मला पण बोलवलं ते बरं केलं, मला वाटलं पास झालेल्यांचंच आहे.'

आणखी एक मौन सांगतो आणि मग आवरतं घेतो. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दंगली उसळल्या. गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. मधली साडेपंधरा वर्षं. त्या काळात शाळेत असलेल्या बॅचा आज मेळावे भरवताहेत. सगळे मिळून क्रिकेट आठवतात, बोरं आठवतात, एसटीच्या टपावरून केलेला प्रवास आठवतात. ऑगस्ट ७८ मध्ये आपल्या वर्गातलं कोण शाळेत आलं नाही आणि का, हे कुणी काढत नाही. काढलं तर फेटे उतरतील अशी भीती असावी. आम्हाला वाटतं, चाळीस-पंचेचाळीस वर्षांची मैत्री तेवढं सोसू शकते. दोन-तीन ठिकाणी हा विषय निघाला, थोडा वेळ सगळे गप्प बसले आणि मग बोलणं झालं.

मेळाव्यांतून शाळांना मिळतं बरंच. पाण्याचं फिल्टर, संगणक, रंगवलेल्या भिंती, ध्वजस्तंभाचा ओटा. चांगलंच आहे. पण गावाकडच्या शाळांची पटसंख्या घसरते आहे, काही शाळा उद्या दुसऱ्या शाळेत मिसळल्या जातील, तेव्हा ते लोखंडी कपाट कुठं जाणार, हा प्रश्न आम्ही जिथं जाऊ तिथं विचारतो. वाळवी, गळकं छप्पर, 'जुनं रद्दी' म्हणून होणारी सफाई, सगळ्यांशी त्याची गाठ आहे. एक फिल्टर कमी दिलं आणि मुख्याध्यापकांच्या रीतसर परवानगीनं ती रजिस्टरं नीट बांधून घेतली, त्यांची छायाचित्रं काढून एक प्रत शाळेतच ठेवली, तर खर्च फिल्टरापेक्षा जास्त येणार नाही. पानं गटावर टाकायची नाहीत बरं का! त्यात जाती आहेत, वयं आहेत, लोकांचं खाजगी आहे.

प्रश्नोत्तरांत आलेला एक प्रश्न आणि त्याचं उत्तर इथं देत आहोत. एका ताईंनी विचारलं, 'आमच्या बॅचचा मेळावा दिवाळीत आहे. तुम्ही म्हणता तसं गळालेल्यांना बोलवायचं तर त्यांची नावं आता कुणाला आठवणार?'

आमचं उत्तर असं होतं. दहावीची यादी बाजूला ठेवा आणि पहिलीची मागा. शाळेत तुमच्या बॅचच्या पहिलीच्या प्रवेशाचं वर्ष काढा, दहावीचं वर्ष वजा दहा, मध्ये कुणी नापास झालं असेल म्हणून एक-दोन वर्षं मागचीही बघा. मुख्याध्यापक नावं वाचून दाखवतील. तुम्ही पाच-सहा जण बसा, त्यात गावातच राहिलेला एक तरी असू द्या, कारण त्याला सगळं ठाऊक असतं. नाव वाचलं की तो सांगेल, हा ऊसतोडीला गेला आणि कारखान्याकडेच राहिला, ही अमक्या गावी दिली, हा वारला. ज्या नावापाशी तोही अडेल तिथं त्या आळीतल्या एखाद्या म्हातारीला विचारा. ताई, तुमचं गाव कोणतं म्हणालात? गेवराईजवळ? मग भाऊबीजेनंतरचा दिवस धरा, आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत उरका. एकदा का गाड्या कारखान्याकडे लागल्या की निम्मी बॅच उसाच्या फडात असेल.